दीपआशाला कळप कुठला?

रायपूरच्या तात्यापाऱ्यात मराठी घरी पाहुणे आले, सोबत मुलं असली, की एक बेत हमखास ठरतो: नवा रायपूरची जंगल सफारी. 1 नोव्हेंबर 2016 रोजी खुला झालेला हा सुमारे 800 एकरांचा परिसर आहे. जाळी लावलेली गाडी आत शिरते, मागचं दार बंद होतं, मगच पुढचं उघडतं. वाघ, सिंह, अस्वलं आणि चरणारी जनावरं यांचे चार वेगळे भाग आहेत. मुलं या खिडकीतून त्या खिडकीकडे धावतात आणि वाघ दिसला की गाडीतली सगळी मंडळी एकदम गप्प होतात.

याच परिसरात एक म्हैस आणून ठेवली आहे. पर्यटकांची गाडी तिच्याकडे जात नाही. प्राणिसंग्रहालय प्राण्यांच्या भल्याचं की नाही, हा वाद निघाला की मला वाघ-सिंहांच्या आधी ती आठवते.

तिचं नाव दीपआशा. 12 डिसेंबर 2014 रोजी हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत ती जन्मली आणि 2018 मध्ये रायपूरला आली. ती क्लोन आहे. पाळीव म्हशीच्या बीजांडातलं केंद्रक काढून टाकून ते बीजांड रानम्हशीच्या पेशीशी जोडलं, तयार झालेला गर्भ दुसऱ्या पाळीव म्हशीच्या पोटात वाढवला. पेशी जिची होती ती आशा, उदंतीच्या जंगलातली.

रानम्हैस हा छत्तीसगडचा राज्यप्राणी. कोयत्यासारखी वळून दोन्ही बाजूंना पसरलेली तिची शिंगं आज जिवंत असलेल्या गाय-म्हैस कुळातल्या कुठल्याही प्राण्यापेक्षा रुंद असतात. जगात या म्हशी चार हजारांहून कमी उरल्या असाव्यात आणि त्यातल्या बहुतेक आसामात. मध्य भारतात त्यांची गवताळ कुरणं गेली, शिकार झाली, गावातल्या गुरांचे रोग त्यांना लागले. पाळीव म्हशींशी संकर होऊन रक्तही पातळ झालं. गरियाबंद जिल्ह्यातल्या उदंतीत शेवटी रेडे उरले आणि मादी एकच, आशा. तिला कुंपणाच्या आत सांभाळून वंश वाढवायचा प्रयत्न झाला. ती व्यायली, पण बहुतेक वेळा रेडकू नरच निघालं. म्हणून क्लोनची वाट धरली गेली.

इथे जनुकांचा हिशेब नीट मांडायला हवा. क्लोन म्हणजे नवी मादी नव्हे, जुन्याच मादीची दुसरी प्रत. आशाकडे जी जनुकं होती तीच दीपआशाकडे. एकही नवं नाही. उदंतीतले जे तरुण रेडे आशाच्या पोटचे, त्यांच्याशी दीपआशाची जोडी लावायची म्हटलं, तर जनुकांच्या दृष्टीने ती त्यांची आईच ठरते. लहान कळपात अशा जवळच्या संबंधांतून दोष साचत जातात: वीण कमी होते, रेडकं दगावतात, रोगाशी झुंजायची ताकद घटते. एकाच घराण्याच्या बियाण्यावर वर्षानुवर्षं पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्यात दुसरी शंका उभी राहिली. मोठी झालेली दीपआशा पाहून काहींनी म्हटलं की ही तर मुऱ्हा जातीच्या पाळीव म्हशीसारखी दिसते. या शंकेत दम आहे. क्लोनमध्ये बीजांड देणाऱ्या म्हशीकडून मायटोकाँड्रियातला थोडासा डीएनए तेवढा येतो. अंगकाठी आणि शिंगं ठरवणारी जवळपास सगळी जनुकं केंद्रकातूनच येतात. मग आशाची प्रत आशासारखी दिसायला हवी. याची तपासणी अवघड नाही. आशाच्या जपून ठेवलेल्या ऊतींचा आणि दीपआशाच्या रक्ताचा डीएनए शेजारी ठेवला की उत्तर मिळतं. अशी तपासणी जन्मानंतर लगेच व्हावी आणि तिचा निकाल सगळ्यांसमोर ठेवला जावा, असं मला मनापासून वाटतं. जनावराचं आयुष्य सरकारी फायलीपेक्षा लवकर सरतं.

आता प्राणिसंग्रहालयाच्या मूळ वादाकडे वळू या. लहानपणी एका प्राणिसंग्रहालयात मी बिबट्या पाहिला होता. गज धरून तो सात-आठ पावलं जायचा, कोपऱ्यात मान एका ठराविक झोकात वळवायचा आणि परत यायचा. तोच कोपरा, तोच झोक. त्याच्या खांद्याची एक बाजू गजांना घासून केस गेले होते. लोक म्हणत होते, बघा किती रुबाबात चालतोय. पुढे प्राणिवर्तनाबद्दल वाचताना कळलं की या एकसुरी फेऱ्यांना शास्त्रात नाव आहे, स्टिरिओटिपी, आणि त्या बंदिवासातल्या त्रासाची खूण मानल्या जातात. 2003 मध्ये रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या संशोधक बाईंनी मांसाहारी प्राण्यांची तुलना करून दाखवलं की रानात ज्याचा वावर जितका मोठा, तितका तो बंदिवासात जास्त येरझाऱ्या घालतो आणि तितकी त्याची पिल्लं जास्त मरतात. शिकारीची सवय नव्हे, फिरण्याची भूक आड येते. हत्तींचं तर आयुष्यच घटतं. 2008 च्या अभ्यासात युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांतल्या आफ्रिकन हत्तिणींचं मध्यक आयुष्य 16.9 वर्षं निघालं. केनियातल्या अंबोसेलीत नैसर्गिक मरण येणाऱ्या हत्तिणींचं 56 वर्षं. आपल्याकडे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने 2009 मध्ये हत्तींना प्राणिसंग्रहालयांतून हलवायचं ठरवलं, ते योग्यच झालं.

पण दुसरी बाजूही आकड्यांतच आहे. 2016 मध्ये 59 सस्तन प्रजातींचा हिशेब मांडला गेला, तेव्हा 80 टक्क्यांहून अधिक प्रजाती प्राणिसंग्रहालयात रानापेक्षा जास्त जगतात असं दिसलं. लहान आणि झटपट आयुष्य काढणाऱ्या प्राण्यांना सर्वाधिक फायदा: शिकारी नाही, दुष्काळ नाही, औषधपाणी आहे. तरी कुंपणाचे स्वतःचे धोके राहतातच. नोव्हेंबर 2023 मध्ये याच जंगल सफारीत काही दिवसांत 17 चौशिंगे दगावले. चौशिंगा रानात एकटा-दुकटा राहणारा, चाहूल लागताच गवतात दबणारा प्राणी.

तेव्हा सरसकट हो किंवा नाही म्हणून भागत नाही. प्राणी कोणता आणि त्याला कशासाठी ठेवलंय, हे प्रत्येक वेळी विचारावं लागतं. गिधाडांचंच घ्या. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे ती मरतात हे कळल्यावर 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली आणि हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात गिधाडांची पैदास सुरू राहिली. तिथली गिधाडं 2024 मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली गेली. बाहेर जे मारत होतं त्यावर घाव घातला, म्हणून आत वाढवण्याला अर्थ आला. रानम्हशीच्या बाबतीत आपण उलटं केलं. प्रयोगशाळा आधी गाठली. कुरणं, गुरांचं लसीकरण आणि पाळीव म्हशींना जंगलापासून दूर ठेवणं ही कंटाळवाणी, रोजची कामं मागे पडली. क्लोन करणाऱ्यांचं कसब मोठं आहे, यात शंका नाही. पण त्या कसबाने एक जीव जन्माला घातला आणि त्याला जायला जागा ठेवली नाही.

आता आसामच्या मानस अभयारण्यातून म्हशी आणून छत्तीसगडच्या बारनवापारात ठेवल्या आहेत, 2020 मध्ये पहिली जोडी, 2023 मध्ये आणखी चार माद्या. ते रक्त मध्य भारतातल्या रक्तात मिसळू द्यावं का, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. माझं मत विचाराल तर आधी इंद्रावतीकडे बघा. नदीच्या या बाजूला छत्तीसगडचा इंद्रावती व्याघ्रप्रकल्प, पलीकडे आपल्या गडचिरोलीतलं कोलामार्का, 2013 पासून रानम्हशींसाठी राखीव असलेलं. मध्य भारतातल्या खऱ्या रानम्हशी आज तिथे आहेत, कुंपणाशिवाय, कुणी न मोजताही स्वतःची वाट काढत. दोन राज्यांच्या वनखात्यांनी मिळून त्यांचं गवत आणि पाणी राखलं, तर त्या कळपात नवं रेडकू आपोआप येईल.

दीपआशा तिथे जाऊ शकणार नाही. रानात चरायला, वाघाची चाहूल घ्यायला रेडकू आईच्या मागे चालत शिकतं. ती बाटलीच्या दुधावर आणि माणसांच्या हातावर वाढली. ती खरी रानम्हैस ठरो वा न ठरो, तिला चिखलात लोळायला मोठं डबकं आणि अंगाला अंग लावून रवंथ करायला दुसरी म्हैस हवी. पाळीव असली तरी चालेल. म्हैस एकटी बसत नाही, हे गावातल्या कुठल्याही गुराख्याला विचारा.