माहुलीची चढण आणि देणगीची अट

सत्कार्यासाठीं डोंगर चढण्याची चाल आतां आपल्या ठाणें-कल्याण-डोंबिवलीकडेही रुळूं लागली आहे. चालणाऱ्यानें आप्तेष्टांना सांगावें कीं, मी अमुक गड चढतों, तुम्ही त्याबद्दल अमुक कामास इतकी रक्कम द्या. आणि आप्तेष्टांनीं कौतुकानें आंकडा घालावा. या प्रथेचा एक नामांकित नमुना हाँगकाँगचा आहे. तेथील गुरखा सैनिकांनीं १९८१ सालीं शंभर किलोमीटरांची डोंगरवाट चौघाचौघांच्या तुकड्यांनीं चालण्याचा उपक्रम सुरू केला, आणि १९८६ पासून तो नागरिकांनाही खुला झाला. चौघांनीं एकत्र निघावें व एकत्र पोंचावें, ही त्यांतली खरी गोम. आपण देणगीची कल्पना तेवढी उचलली; ही गोम मात्र पुष्कळदां वाटेंतच सांडते. आमच्या हातूनही ती सांडली होती, म्हणून हा लेखनप्रपंच.

दोन वर्षांपूर्वीं फेब्रुवारींत बावीस जणांना माहुलीवर नेण्याचें काम आमच्याकडे आलें. माहुली हा ठाणें जिल्ह्यांतला एक उंच किल्ला. उंची सुमारें २८१५ फूट. पायथ्याजवळच्या एका पाड्यावर पाण्याची टाकी बांधावयाची होती. शहापूर तालुक्यांत टाकीसाठीं वर्गणी मागावी लागते, हें ऐकून परगांवच्या माणसास हसूं येईल. येथल्याच तानसा तलावाचें पाणी १८९२ पासून मुंबईस जातें. पुढें भातसाचेंही जाऊं लागलें. आणि उन्हाळा आला कीं याच तालुक्यांतल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते!

देणगीदारांनीं एक अट घातली होती: जो माथ्यावर पोंचेल त्याच्याच नांवची रक्कम मिळेल. आम्हांलाही ती गंमतीची वाटली. चालणाऱ्यांना हुरूप येईल, असा आमचा हिशेब होता.

पहांटेच्या गाडीनें आसनगांवास उतरलों. तेथून माहुली गांव पांच-एक किलोमीटर. तेवढें रिक्षानें गेलों. गांवांतला एक ठाकर तरुण वाटाड्या म्हणून पुढें, आमचे एक स्नेही मध्यें, आणि आम्ही सर्वांच्या मागें. मागचें स्थान मानाचें दिसत नाहीं, पण नेतृत्व तेथूनच करावयाचें असतें. पुढच्यास वाट दिसते, मागच्यास माणसें दिसतात. कोण गप्प झाला, कोणाचा पाय वारंवार घसरतो, कोणाची बाटली लवकर संपली, हें सारें पाठीमागूनच कळतें.

ओढा ओलांडून सोंडेवर आलें कीं चढ उभा होतो. झाडी विरळ होत जाते, आणि फेब्रुवारी असला तरी नऊनंतरचें ऊन पाठ भाजून काढतें. वाटेंत पाण्याचा थेंब नाहीं. आमच्यांत एक निवृत्त गृहस्थ होते. वय पासष्टीच्या आसपास. सारेजण त्यांना काका म्हणत. दोन विसाव्यांपर्यंत त्यांच्या गप्पा अखंड चालल्या होत्या. तिसऱ्या विसाव्यास ते बोलेनासे झाले. विचारल्यावर उत्तर आलें, पण उशिरा.

"काका, आपण येथून परतूं या," आम्हीं म्हटलें.

"भलतेंच! टाकीचे पांच हजार माझ्या पायांवर आहेत. मला खालीं नेऊन तुम्ही ते बुडवणार काय?"

येथें आमची चूक झाली, ती कबूल केली पाहिजे. पांच हजारांचा आंकडा ऐकून आम्हीही पाघळलों, आणि आणखी पाव तास त्यांना चढूं दिलें. लोखंडी शिडी अजून दूर होती. तोंच काका एका दगडावर बसले. पोटऱ्यांत गोळे, डोळ्यांपुढें अंधारी. सावलींत निजवून, मानेवर ओला रुमाल ठेवून, पाण्याचे लहान लहान घोंट दिल्यावर अर्ध्या तासानें त्यांना बरें वाटलें, आणि पुन्हा त्यांची नजर वर वळली!

तेव्हां आम्हीं त्यांना याच गडाची हकीकत सांगितली. १६७० च्या आरंभीं मराठ्यांनीं माहुलीवर केलेला हल्ला फसला, शेंकडो माणसें पडलीं, आणि माघार घ्यावी लागली. त्याच वर्षाच्या जूनमध्यें मोरोपंतांनीं गड घेतला. काका हंसले. म्हणाले, "म्हणजे जूनमध्यें या म्हणतां? त्या पावसांत?" पण उठले ते खालच्या दिशेनें. बाकीची मंडळी वाटाड्याबरोबर माथ्यावर गेली; आम्ही तिघांना घेऊन उतरलों.

पुढें हिशेबाची वेळ आली. बहुतेकांनीं विनातक्रार पैसे दिले. एका सधन गृहस्थांनीं मात्र, "काका वर गेले नाहींत ना? मग वर्गणी कसली?" असें विचारलें. अट त्यांच्या बाजूची होती. आम्हांला उत्तर नव्हतें. टाकी योजल्यापेक्षां लहान बांधावी लागली.

आतां आम्ही देणगी निघण्यापूर्वींच घेतों, आणि पावतीवर गडाच्या माथ्याचा उल्लेखही करीत नाहीं. त्यामुळें चुरस कमी होते व पहिल्या वर्षीं रक्कमही घटली, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु परतण्याची वेळ आतां आदल्या दिवशींच ठरते, आणि ती टळली कीं शिडी दहा पावलांवर असली तरी आम्ही मागें फिरतों.

त्या दिवशींची एक गोष्ट मात्र अद्याप मनांतून जात नाहीं. उतरून पाड्यावर आलों तेव्हां आमच्या साऱ्या बाटल्या रिकाम्या होत्या. एका म्हातारीनें काकांना ओसरीवर बसविलें आणि हंड्यांतलें पाणी तांब्यानें दिलें. मागाहून आलेल्या मंडळींनींही तोच हंडा रिकामा केला. तो कोठून भरून आणला होता, हें आम्हीं नंतर विचारलें. विहीर तेथून पाऊण तासाच्या वाटेवर होती. हल्लीं आमच्या मंडळींतला प्रत्येकजण स्वतःसाठीं तीन लिटर पाणी पाठीवर घेतो, आणि पाड्यावर ठेवण्याचे कॅन टेंपोनें आधीं पुढें जातात.