उंच डोंगरावरील द्राक्षे आणि लाल वाईनचा दर्जा

खाण्याच्या द्राक्षाचा मणी मोठा आणि साल पातळ असावी लागते. लाल वाईनच्या द्राक्षाचे गणित नेमके उलटे आहे. तेथे मणी लहान, साल जाड, रंग गडद आणि गोडीबरोबर आंबटपणाही टिकलेला लागतो. अशी द्राक्षे कशी पिकतात हे समजण्यासाठी दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना देशाच्या मेंडोझा प्रांताचे उदाहरण पाहण्यासारखे आहे.

मेंडोझातील माल्बेक

अँडीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या या प्रांतात माल्बेक हे काळ्या द्राक्षाचे वाण प्रमुख आहे. ते मूळचे फ्रान्सचे. १८५३ च्या सुमारास मिशेल पुजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाने ते अर्जेंटिनात नेले. मेंडोझा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, तर जवळच्या उको खोऱ्यातील बागा सुमारे ९०० ते १,५०० मीटरवर आहेत. तेथील उत्तम माल्बेक वाईनला चांगला भाव मिळतो.

उंचीमुळे काय घडते?

दर १०० मीटर उंचीला तापमान साधारण ०.६ अंश सेल्सिअसने कमी होते. म्हणजे १,४०० मीटरवरील बाग शहरापेक्षा सुमारे ४ अंशांनी थंड राहते. दिवसा स्वच्छ उन्हात पाने साखर तयार करतात. रात्र उष्ण असेल तर मण्यातील आम्ल श्वसनात खर्ची पडते. थंड रात्री ते शिल्लक राहते आणि रंगही चांगला भरतो. उंचावर हवा विरळ असल्याने अतिनील किरणे अधिक पोहोचतात. त्यांपासून बचावासाठी मण्याच्या सालीत रंगद्रव्ये व टॅनिन हा तुरट घटक वाढतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर रंगहीन असतो. लाल वाईनचा रंग सालीतून उतरतो, म्हणूनच रस सालीसह आंबवतात.

पाणी आणि जमीन

मेंडोझात वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. बागा अँडीजच्या वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर पोसल्या जातात. त्यामुळे वेलीला पाणी किती द्यायचे हे बागाईतदाराच्या हातात राहते. गोटेमिश्रित, निचऱ्याच्या जमिनीत पाणी बेताने दिले की मणी लहान राहतो आणि रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढते. मात्र वसंतातील हिमकडाका व गारपीट हे तेथील मोठे धोके आहेत. गारांपासून बचावासाठी वेलींवर जाळ्या लावाव्या लागतात.

आपण काय घ्यावे?

केवळ उंची पाहून डोंगरावर बाग लावण्याची घाई करू नये. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, म्हणजे उको खोऱ्याइतकेच उंच. पण तेथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा ओलाव्यात केवड्यासारखे रोग आवरणे कठीण. नाशिक भागातील बागा सुमारे ६०० मीटरवर आहेत. तेथे शिराझ, कॅबरने सॉव्हिन्याँ ही वाणे ऑक्टोबर छाटणीनंतर हिवाळ्याच्या थंड रात्रींचा लाभ घेतात. उंची बदलता येत नाही; पुढील गोष्टी मात्र आपल्या हाती आहेत.

१. लागवडीपूर्वी वाईनरीशी लेखी करार करावा. वाण, साखर, आम्लता व दर त्यात स्पष्ट असावेत.

२. वेलीवर घड मर्यादित ठेवावेत. जादा घड हिरवे असतानाच काढावेत. वजन घटते, म्हणून दर ठरवताना हा हिशेब आधीच मांडावा.

३. मणी फुगवण्यासाठी जिब्रेलिक आम्ल वापरू नये. मण्यात पाणी उतरू लागल्यावर ठिबकाचे पाणी बेताने द्यावे.

४. काढणी केवळ गोडीवर ठरवू नये. साखरेबरोबर आम्लता व सामूही तपासावा. उन्हाळा लागताच आम्लता झपाट्याने उतरते.

५. घड पहाटेच्या गारव्यात काढून त्याच दिवशी वाईनरीत पोहोचवावेत.

वाईनच्या बागेत अधिक टन म्हणजे अधिक पैसा, असे नेहमीच होत नाही. करारात दर्जाला दर असेल तरच कमी उत्पादन परवडते. हे आधी पाहावे, मगच रोपांची मागणी नोंदवावी.