जुने बी वाफ्यात टाकण्याआधी गोणपाटात पाहा



पूर्वहंगामी उसाची लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. थंडीत ऊस हळू वाढतो. तेवढ्या काळात सरीच्या बगलेला कांदा, मुळा, गाजर, बीट निघून येते आणि घरात चार पैसे येतात. पण घरातले जुने उरलेले बी बाहेर काढले, की पहिला सवाल : हे उगवेल का?

सगळ्या बियांचे आयुष्य सारखे नसते. मुळा, बीट यांचे बी कोरडे ठेवल्यास तीन-चार वर्षे टिकते. कांद्याचे उळे मात्र नाजूक. उन्हाळ्यात निघालेले उळे त्याच हिवाळ्याला वापरावे. आणखी एक पावसाळा गेला, की दमट हवेने उगवण झपाट्याने उतरते. वरून ते काळेभोरच दिसते, म्हणून फसगत होते.

परीक्षा बिनपैशाची आहे. न निवडता 100 बिया मोजा. ओल्या गोणपाटावर ओळीने मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा. ओल टिकवा, पाणी साचू देऊ नका. मुळा 10, कांदा 12, गाजर व बीट 14 दिवसांनी मोजा. प्रमाणित कांदा बियाण्याची उगवण किमान 70 टक्के लागते, गाजराची 60. कांद्याच्या 100 पैकी 35 च उगवले, तर बी दुप्पट लागेल आणि रोपेही अशक्त निघतील. त्यापेक्षा नवे बी परवडते. कारण रोप फसले तर कांद्याची लागण दीड महिना मागे जाते, आणि उसाच्या मोठ्या बांधणीला कांदा अजून रानातच असतो. मग बांधणी थांबवायची की कांदा गाडायचा?

आता रोपांविषयी. कांद्याच्या मुळ्या आखूड, तंतुमय. म्हणून 45-50 दिवसांचे रोप उपटून लावता येते. गाजर-मुळ्याचे तसे नाही. त्यांचे सोटमूळ हेच पीक. उपटताना त्याचे टोक तुटले की फाटे फुटतात, आणि असल्या मालाला बाजारात कोणी विचारत नाही. ही दोन्ही जागेवरच पेरा, दाट झाल्यास विरळणी करा. बिटाचे एक बी म्हणजे बियांचा झुपका. एका जागी दोन-तीन रोपे येतात. त्यातली जादा रोपे तीन-चार पानांवर असताना, मूळ सरळ ठेवून, संध्याकाळी नांग्यांत लावली तर जगतात.

तेव्हा गणपती उठले, की गोणपाट भिजवा. बी नापास झाले तरी नवे आणायला हातात दिवस राहतात.