रंगीत हिऱ्यांचे परीक्षण
हिऱ्याचा रंग निसर्गतः आलेला आहे की संस्कार करून आणलेला आहे, हे ठरविण्याची रत्नविज्ञानातील प्रक्रिया. गडद नैसर्गिक रंगाचे हिरे दुर्मिळ असल्यामुळे त्यांना फार मोठी किंमत येते. संस्कारित हिरा खराच हिरा असला, तरी त्याचे मोल पुष्कळ कमी असते. कठिनता, घनता व प्रणमनांक दोहोंत सारखेच असल्याने नेहमीच्या कसोट्या येथे निरुपयोगी ठरतात. त्यामुळे रंगास कारणीभूत झालेले स्फटिकातील दोषच शोधावे लागतात.

नैसर्गिक रंग : पिवळा रंग सामान्यतः नायट्रोजनामुळे व निळा बहुधा बोरॉनामुळे येतो. गुलाबी व बहुतेक तपकिरी रंग भूगर्भातील दाबाने स्फटिकजालक विरूप झाल्याने येतात. किरणोत्सर्गी खनिजांच्या प्रारणाने कार्बन अणू जागेवरून ढळले म्हणजे रिक्त जागा निर्माण होतात व हिऱ्यास हिरवी छटा येते.

संस्कार : विल्यम क्रुक्स यांनी १९०४ च्या सुमारास रेडियमाच्या सान्निध्यात ठेवून हिरे हिरवे केले, मात्र असे हिरे दीर्घकाळ किरणोत्सर्गी राहतात. पुढे सायक्लोट्रॉन, अणुभट्टी व वेगवान इलेक्ट्रॉन यांचा वापर सुरू झाला. प्रारणानंतर तापविल्यास पिवळा, नारिंगी इ. रंग मिळतात. १९९९ मध्ये उच्च दाब व उच्च तापमान देऊन तपकिरी छटा घालविलेले हिरे बाजारात आले. या पद्धतीने काही हिऱ्यांना रंगही आणता येतो.

परीक्षा : सायक्लोट्रॉनमधील कण पृष्ठभागाखाली फार खोल जात नाहीत. त्यामुळे हिऱ्यावर खालच्या टोकाकडून मारा केला असल्यास वरच्या सपाट पैलूतून पाहताना टोकाभोवती उघड्या छत्रीसारखी आकृती दिसते. रॉबर्ट क्राउनिंगशील्ड यांना १९५६ मध्ये प्रारणित व तापविलेल्या पिवळ्या हिऱ्यांच्या वर्णपटात ५९५ नॅनोमीटरच्या आसपास शोषणरेषा आढळली. सु. १,०००° से. च्या वर तापविल्यास ही रेषा नाहीशी होते. परंतु तेव्हा अवरक्त वर्णपटात दुसऱ्या खुणा उमटलेल्या असतात. सूक्ष्म रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून हिरा द्रव नायट्रोजनाने थंड करून तपासतात. बोरॉनयुक्त निळा हिरा विद्युत् संवाहक असतो, तर केवळ प्रारणाने निळा झालेला नसतो. तथापि बोरॉनयुक्त करड्या हिऱ्याचा निळा रंग उच्च दाब व तापमानाने खुलविलेला असू शकतो. म्हणून एकच कसोटी निर्णायक मानीत नाहीत.

हिरव्या हिऱ्यांची परीक्षा सर्वांत अवघड असते, कारण निसर्ग व प्रयोगशाळा यांची क्रिया येथे मुळात एकच आहे. रिक्त जागांमुळे उमटणारी ७४१ नॅनोमीटरची रेषा दोहोंतही दिसते. जर्मनीतील सु. ४१ कॅरटच्या ‘ड्रेझ्डेन ग्रीन’ हिऱ्याची १९८८ मध्ये तपासणी झाली, तेव्हा त्यातही ती आढळली. हा हिरा अठराव्या शतकापासून, म्हणजे किरणोत्सर्गाच्या शोधापूर्वीपासून ज्ञात असल्याने त्याचा रंग नैसर्गिक असल्याबद्दल शंका उरत नाही व म्हणूनच तो तुलनेस उपयुक्त ठरतो. असा इतिहास नसलेल्या खड्याबाबत सर्व पुरावे जुळवूनही निर्णय होत नसेल, तर प्रयोगशाळा प्रमाणपत्रात रंगाचे मूळ ‘अनिर्णित’ असल्याची नोंद करते.