दहाव्याची सकाळ

शहाद्याहून आलेली एसटी प्रकाशाला थांबते तेव्हा साडेआठ वाजलेले असतात आणि ऊन खांद्यावर चढलेले असते. वैशाख. मागून केळीने भरलेला ट्रक हॉर्न देत गुजरातकडे निघून जातो. उतरणाऱ्यांत कोण दर्शनाला आले आहे आणि कोण कार्याला, हे विचारावे लागत नाही. कार्यवाल्यांकडे पिशव्या जास्त. एकीतून पत्रावळींचा गठ्ठा डोकावतो, दुसरीत तांब्या आणि तांदळाचे पीठ. एक पिशवी मात्र कोणी खाली ठेवत नाही. ती घरातल्या थोरल्याच्या हातात असते आणि तो ती दोन्ही हातांनी धरतो. माणूस जळून गेल्यावर दोन-तीन किलो उरतो. त्यातलाही थोडाच भाग इथवर येतो.

गल्ली घाटाकडे उतरते. दोन्ही बाजूंना काळे तीळ, जव, दर्भ, बेल, कापूर. रसवंतीचे घुंगरू वाजतात. दुकानदार हाका मारत नाही, नुसता बघतो. या गल्लीत घासाघीस कमी होते.

केदारेश्वराच्या देवळासमोर दगडी दीपमाळ उभी आहे. तिची सावली आता आखूड झाली आहे. तेवढ्या सावलीत चार म्हाताऱ्या दाटीवाटीने बसल्या आहेत. त्यांच्या पलीकडे पायऱ्या आणि पायऱ्यांखाली तापी. मुलताईहून निघालेली, समुद्रापर्यंत ७२४ किलोमीटर जाणारी. सूर्याची मुलगी म्हणतात तिला. म्हणजे यमाची बहीण. या घाटावर हे नाते कोणी बोलून दाखवत नाही. सारंगखेडा आणि प्रकाशा, दोन्हीकडे तिच्यावर बॅरेज आहेत. दरवाजे बंद असले की नदी वाहत नाही, उभी राहते. सोडलेली फुले मग काठाशीच रेंगाळतात. एक मुलगा काठीने त्यांना आत ढकलतो आहे.

घाटावर दोन रांगा आहेत. एक न्हाव्याची, दुसरी गुरुजींची.

न्हाव्याची रांग लवकर सरकते. पोत्यावर उकिडवे बसायचे, मान खाली घालायची. वस्तऱ्याचा कर्रर्र आवाज येतो. केस पाण्याने भिजून दगडावर पडतात, काळे आणि पांढरे एकमेकांत. डोके झाले की माणूस हात फिरवून बघतो. दरवेळी, प्रत्येकजण. मग सासरकडचा कोणी पुढे होतो, दुखवट्याची पांढरी टोपी त्या उघड्या डोक्यावर ठेवतो आणि नवा टॉवेल खांद्यावर टाकतो. बोलणे होत नाही.

गुरुजींच्या रांगेत वेळ लागतो. घराणे वेगळे, गोत्र वेगळे. नावे विचारावी लागतात. गेलेल्याचे नाव, त्याच्या बापाचे, आज्याचे. तिसऱ्या नावाशी बरेच लोक अडतात. मग मागे बसलेल्या थोरल्या आत्याकडे बघतात. ती सांगते. पणज्याच्या नावाशी तीही अडते. चार पिढ्यांत माणूस नावापुरताही उरत नाही, हे इथे रोज सकाळी कळते आणि कोणाला त्याचे फारसे काही वाटत नाही. गुरुजी पुढे जातात.

भाषा कानावर येतात. अहिराणी, गुजरी, मधूनच भिली आणि पावरी. नंदुरबार जिल्ह्यात दर दहा माणसांत सात आदिवासी, २०११ च्या जनगणनेप्रमाणे. वरच्या पायरीवर एकटाच बसलेला माणूस तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतीतला आहे. शहाद्याला कामासाठी आला होता, उन्हाचा इथे टेकला. त्याचे मूळ गाव नर्मदेच्या पाण्यात आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्यात महाराष्ट्राची ३३ गावे सापडली, त्यातले एक. घर गेले, शेत गेले, आणि पूर्वजांना जिथे ठेवले ती जागाही गेली. तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही. बिडी पेटवतो आणि नदीकडे बघतो. ही नदी त्याची नव्हे.

देवळाच्या भिंतीला टेकून आप्पा बसले आहेत. पांढरा सदरा, मांडी घातलेली, डोळे मिटलेले. नवखे लोक त्यांना कार्याचा माणूस समजतात. गावाला ते ठाऊक आहेत. इगतपुरीच्या डोंगराखाली १९७६ पासून दहा दिवसांची विपश्यना शिबिरे भरतात, तिथे ते बसून आले आहेत. दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन. आधी श्वास पाहायचा, मग अंगावरच्या संवेदना, आणि शेवटी, दहाव्या दिवशी, मैत्री, म्हणजे सगळ्यांचे भले चिंतणे. तेव्हापासून सकाळी ते इथे येतात. घरी का बसत नाही, म्हणून विचारले तर म्हणतात, "घर पंखा शे." एवढेच. मग थोड्या वेळाने, "आठे नही."

त्यांच्या शेजारी जागा आहे. मी बसतो.

डोळे मिटले की घाट मोठा होतो. तांब्यातून पाणी पडल्याचा आवाज. मोबाइलवर भक्तिगीताची रिंगटोन, ती घाईने बंद होते. मंत्र, त्याच्यावरून रडणे, त्याच्यावरून कोणीतरी चहा विचारतो. नाकपुडीशी श्वास येतो, तो गरम आहे. जातो, तो अधिक गरम. कानामागून घामाचा थेंब निघतो. मानेवर येतो, थांबतो, पुन्हा चालू लागतो. एक माशी गालावर बसते. हात उचलावासा वाटतो. ही इच्छा पाहायची, असे शिकवलेले असते. पाहतो. ती वाढते, टोकाला जाते, आणि हात न हलवता विरते. माशी अजून तिथेच आहे. मांडीखालच्या दगडाची कळ मात्र विरत नाही. ती सरकते, गुडघ्यातून पोटरीत, पोटरीतून घोट्यात. अनित्य आहे, ठीक आहे, पण हळू आहे.

वारा फिरतो आणि धूर येतो. खालच्या अंगाला, नदीकाठी, चिता पेटलेली आहे. तुपाचा वास आधी येतो, लाकडाचा नंतर. सतिपट्ठान सुत्तात स्मशानात टाकलेल्या प्रेताकडे बघण्याच्या नऊ पायऱ्या सांगितल्या आहेत. फुगलेले, निळे पडलेले, पशुपक्ष्यांनी तोडलेले, असे करत शेवटी कुजून पीठ झालेली हाडे. प्रत्येक पायरीशी थांबून भिक्षूने म्हणायचे की माझेही शरीर असेच होणार आहे. इथे अग्नी मधल्या पायऱ्या गाळतो. सकाळी माणूस, दुपारी पीठ.

डोळे उघडतो तेव्हा समोर पिंड मांडलेले आहेत. आता कावळ्याची वाट.

ही वाट बघण्याची तऱ्हा बाहेरच्याला कळायची नाही. वीस-पंचवीस माणसे, सगळी मागे सरकलेली, सगळ्यांच्या माना वर. समोर पिंपळ. पिंपळावर कावळे आहेत, चांगले पाच-सहा. बसून आहेत. ऊन आता दगडातून तळव्यात शिरते आहे. माणसे पाय आळीपाळीने उचलतात. कोणी पाणी शिंपडते. पोरे कुजबुजतात.

"उना का?"

"नही अजून."

दहा मिनिटे. पंधरा. घरातली मोठी बाई पुढे येते. पदर डोक्यावर घेते, हात जोडते आणि पिंडाशी बोलू लागते, जिवंत माणसाशी बोलावे तशी. नाना, धाकल्याचं लगीन करसूत. कावळा हलत नाही. विहिरीचं काम पुरं करसूत. नाही. मग थोरला मुलगा पुढे येतो. त्याचा आवाज फुटत नाही. "नाना, मायले आम्ही सांभाळसूत." त्याच्या मागे धाकटा उभा आहे. गर्दीतला एक जण माझ्या कानाशी सांगतो की दोघे भाऊ शेताच्या वाट्यावरून वर्षानुवर्षे बोलत नाहीत. धाकटा घसा खाकरतो. "दोन्ही जन सांभाळसूत," म्हणतो. थोरला वळून बघत नाही. पण ऐकतो.

कावळा येतो. तो या वचनामुळे आला की भुकेमुळे, यावर मी मत देणार नाही. काही घरांना दोन दोन तास उभे राहावे लागते, आणि शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. तेव्हा घरी जाताना कोणी कोणाशी बोलत नाही.

मला मात्र पिंपळाखाली उभा असताना एक जुना नियम आठवतो. 'विसुद्धिमग्ग' हा पाचव्या शतकात सिंहलद्वीपात लिहिलेला ध्यानाचा मोठा ग्रंथ. मैत्री कोणाविषयी करायची याचा क्रम त्यात आहे. आधी स्वतः. मग आवडते माणूस. मग ज्याच्याशी घेणे ना देणे असा कोणी. मग वैरी. असे करत भिंती पाडत जायचे, सीमा उरू द्यायची नाही. आणि एक सक्त सूचना: मेलेल्या माणसाविषयी मैत्री करूच नये. एक तरुण भिक्षू आपल्या गुरूला समोर ठेवून मैत्रीला बसतो, त्याची गोष्ट तिथे येते. काही केल्या ध्यान लागत नाही. तो थेराकडे, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूकडे, जातो. थेर म्हणतो, ज्याला समोर ठेवलेस तो कुठे आहे ते बघ. शोध घेतल्यावर कळते की गुरू वारले आहेत. भिक्षू दुसऱ्या कोणाला तरी समोर ठेवतो आणि ध्यान लागते.

पहिल्यांदा वाचले तेव्हा हा नियम मला कोरडा वाटला होता, हिशेबी. घाटावर तो तसा वाटत नाही. पिंडाशी बोललेले प्रत्येक वाक्य ऐका. नानांना कोणी काही देत नाही. धाकल्याला देतात, मायला देतात, विहिरीला देतात.

तापी-गोमाईच्या संगमाकडे चालत जायला थोडाच वेळ लागतो, पण ऊन असे की तो लांब वाटतो. गोमाईचे पात्र उन्हाळ्यात आटलेले असते. दगड दिसतात, बगळे दिसतात. संगमावर पांढरीची टेकडी आहे. १९५५ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने ती खणली. वस्तीच्या चार काळांचे थर निघाले. सगळ्यात खालचा ताम्रपाषाण युगातला, इसवी सनापूर्वी १७०० च्या आसपासचा. रंगवलेली खापरे, दगडाची बारीक पाती, थोडे तांबे. त्याच्या वर लोखंड वापरणारे, त्यांच्याही वर आणखी कोणी. आज टेकडीवर शेळ्या आहेत. राखणारी मुलगी ओढणीने तोंड झाकून बाभळीखाली बसली आहे. मी खाली बघत चालतो आहे हे पाहून विचारते, "काही हरवलं का?" नाही, म्हणतो. तिचा विश्वास बसत नाही.

प्रकाशाला दक्षिण काशी म्हणतात. १०८ शिवालये होती असे सांगतात, आज जी दिसतात ती पायी मोजता येतात. पुष्पदंतेश्वराचे देऊळ त्यात गावाच्या अभिमानाचे. पुष्पदंत गंधर्व अदृश्य राहून दुसऱ्याच्या बागेतली फुले चोरायचा. शिवाचे निर्माल्य पायाखाली आले आणि त्याची अदृश्य होण्याची विद्या गेली. मग त्याने शिवमहिम्न स्तोत्र रचले, तेही इथेच, असे गाव मानते. काशीला जाऊन आलेल्या माणसाची यात्रा इथे आल्याशिवाय पुरी होत नाही, हेही गाव मानते. गाभाऱ्यात शिरल्यावर पहिल्यांदा कळतो तो गारवा. देव नंतर.

अकरा वाजून गेले आहेत. घाटावर परततो तर आप्पांचे बसणे संपले आहे. ते उठले आहेत आणि न्हाव्याशी गप्पा मारत आहेत. न्हाव्याच्या मुलाला तापाने धरले आहे. कोणत्या डॉक्टरकडे न्यावे, शहाद्याला की थेट नंदुरबारला, यावर चर्चा चालली आहे. त्यांना मैत्रीविषयी विचारायचे माझ्या मनात होते. दहाव्या दिवशी जे शिकवतात ते घरी टिकते का, वगैरे. आप्पा खिशातून मोबाइल काढतात, डोळ्यांपासून लांब धरतात आणि कुठल्या तरी कंपाउंडरचा नंबर शोधू लागतात. मी विचारत नाही.

नानांच्या घरची माणसे आवरू लागली आहेत. पिकअपमध्ये सतरंजी पसरली जाते. दोघे भाऊ गाडीच्या दोन टोकांना चढतात. मध्ये त्यांची आई बसणार आहे. तेवढ्यात गल्लीतून नवी मंडळी उतरते. पंधरा-वीस जण, तशाच पिशव्या. पुढे एक तरुण बाई आहे, तिच्या कडेवर वर्षभराचे मूल, हाताशी पाच-सहा वर्षांचा पोरगा, त्याच्या डोक्यावर मोठ्या माणसाची टोपी. ती घाटाच्या तोंडाशी थबकते. कुठे जायचे, कुणाला विचारायचे, काहीच कळत नाही तिला.

नानांची बायको गाडीत चढता चढता थांबते. खाली उतरते. आपल्या पिशवीतून उरलेले तीळ, दर्भाची जुडी आणि न उघडलेली पाण्याची बाटली काढते आणि त्या बाईच्या हातात देते. हात रिकामा नाही हे बघून कडेवरचे मूल स्वतःकडे घेते.

"गुरुजी तठे शेतस, लाल पंचावाला," ती सांगते. "पहिले नाव लिखाडी दे. सावली त्या कोपराले शे, पोऱ्हे तठे बसाड. आन तिसरी पायरीवर शेवाय शे. याले धरी ठेव."

पिकअपवाला हॉर्न वाजवतो. ती त्याच्याकडे बघतही नाही. मुलाच्या पायातली वाळू झटकत ती आणखी काही सांगते आहे.