पदवी हातीं आल्यावर

गेल्या आषाढांत नांदेडला आमच्या घरीं एक लहानशी सभा भरली होती. विषय होता माझ्या धाकट्या भावाची मुलगी. दहावीनंतर दोन वर्षें तिनें लातुरांत राहून अभ्यास केला, पुढें नांदेडास परत येऊन संगणकशास्त्र घेऊन बी. एस्सी. केलें, आणि प्रथम वर्गांत पदवी मिळविली. आतां तिला सॉफ्टवेअरच्या धंद्यांत शिरावयाचें होतें. तिच्या वडिलांच्या हातीं एका खाजगी शिकवणीवर्गाचें पत्रक होतें. त्यांत सहा महिन्यांत नोकरीची हमी दिलेली होती. फी मात्र इतकी कीं, बँकेंतील मुदतीची ठेव मोडावी लागली असती. आईचें म्हणणें, त्यापेक्षां वर्षभर स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करावा. बराच वेळ वादविवाद झाल्यावर आमच्या मातोश्री म्हणाल्या, "फी मागाहून ठरवा. हिला येतें काय, तें अगोदर कोणी पाहिलें आहे का?"

प्रश्न साधा होता, पण त्याला उत्तर देणारा घरांत कोणी निघाला नाहीं. तिचे गुण आम्हां सर्वांस पाठ होते. तिला करतां काय येतें, हें मात्र एकालाही सांगतां येईना. मी आयुष्यभर शाळेंत गणित शिकविलें. संगणकांतलें मला फारसें कळत नाहीं. तरी ही परीक्षा मजकडेच सोंपविण्यांत आली. त्या निमित्तानें जें ध्यानांत आलें, तें आपल्या मुलामुलींना या धंद्यांत पाठवूं इच्छिणाऱ्या इतर कुटुंबांच्याही उपयोगीं पडेल, असें वाटल्यावरून येथें मांडीत आहें.

लातूरची शिदोरी

लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ सालीं झाला. पण विद्येच्या बाबतींत त्या गांवाचें नांव जिल्ह्याच्या सीमेबाहेर फार दूरवर गेलें. १९७० सालीं स्थापन झालेल्या राजर्षि शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे व त्यांचे सहकारी यांनीं परीक्षेच्या तयारीची जी कसोशीची पद्धति बसविली, ती 'लातूर पॅटर्न' या नांवानें महाराष्ट्रभर गाजली. हेच वाघमारे सर पुढें १७ सप्टेंबर १९९४ रोजीं नांदेड येथें स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले. त्याच्या आदल्याच वर्षीं, ३० सप्टेंबरच्या पहांटे, किल्लारीच्या भूकंपानें या मुलखाची दैना उडविली होती. शेती पावसाच्या स्वाधीन आणि नोकऱ्या परगांवीं, अशा प्रदेशांत मुलांच्या गुणांना इतकें महत्त्व कां आलें, हें निराळें सांगावयास नको.

ही शिदोरी हलकी नव्हे. आठ-आठ तास एका बैठकीनें अभ्यास करण्याची संवय, चाचणीमागून चाचणी देण्याचा धीर आणि वेळेचें भान, हे गुण कोणत्याही धंद्यांत कामाला येतात. परंतु या तयारींत प्रत्येक प्रश्नाला एक ठरलेलें उत्तर असतें, आणि चुकल्यास तांबडी शाई लावणारा गुरु जवळ असतो. सॉफ्टवेअरच्या कामांत हे दोन्ही आधार सुटतात. तेथें आपली चूक आपणच हुडकावी लागते. इतकेंच नव्हे, तर चूक झाली आहे हेंच पुष्कळदां अगोदर कळत नाहीं.

कापरेकरांची संख्या

मुलीची पारख करण्यासाठीं मीं तिला एक जुनें कोडें घातलें. नाशिकजवळील देवळालीच्या शाळेंत गणित शिकविणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) हे फर्ग्युसन कॉलेजांतून बी. एस्सी. झाले होते. त्यापुढील पदवी त्यांनीं घेतली नाहीं. शाळा सांभाळून ते जन्मभर संख्यांच्या मागें राहिले. १९४९ सालीं त्यांनीं मांडलेला शोध असा : चारही अंक सारखे नाहींत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमानें मांडावे, मग चढत्या क्रमानें मांडावे, आणि मोठ्या संख्येंतून लहान संख्या वजा करावी. जी बाकी येईल, तिच्यावर पुन्हां हीच क्रिया करावी. फार तर सात खेपांत ६१७४ ही संख्या येते, आणि मग ती हलत नाहीं.

"१००० पासून ९९९९ पर्यंतच्या सगळ्या संख्या तपासणारा प्रोग्राम लिहून दाखव," मीं तिला सांगितलें.

अर्ध्या तासांत तिनें तो लिहिला. यंत्रानें त्या ९,००० संख्या पाहतां पाहतां तपासल्या. पण त्यांपैकीं ७७ संख्यांचा शेवट ६१७४ वर न होतां शून्यावर झाला. ११११, २२२२ अशा सारख्या अंकांच्या नऊ संख्या शून्यावर जावयाच्याच होत्या. उरलेल्या ६८ कां गेल्या?

"काका, कापरेकरांचें चुकलें कीं काय?"

"मला कशाला विचारतेस? पाटी घे आणि पाहा."

तिचा हात मोबाइलकडे वळला होता. तो मीं थांबविला. यादींतील पहिलीच संख्या १००० होती. तिनें १००० मधून १ वजा केला, राहिले ९९९. ते उतरत्या क्रमानें मांडा कीं चढत्या क्रमानें, ९९९ च. म्हणून बाकी शून्य. तिनें हेंच तीन वेळां करून पाहिलें. दुपारचा चहा झाला, दिवेलागण होत आली, आणि मग ती एकदम म्हणाली, "काका, संख्या चार अंकी आहे ना? मग ही ०९९९ अशी मांडायला पाहिजे!" पुढचें शून्य मांडतांच गाडी रुळावर आली : ९९९० मधून ०९९९ गेले, ८९९१ राहिले, पुढें ८०८२, मग ८५३२, आणि पांचव्या खेपेस ६१७४. संख्येचीं चार घरें कायम ठेवणारी एक ओळ तिनें प्रोग्रामांत घातली, आणि त्या ६८ च्या ६८ संख्या सरळ झाल्या.

प्रोग्राम लिहावयास अर्धा तास लागला. शून्य सांपडावयास सारी दुपार गेली. माझ्या समजुतीप्रमाणें तिचें खरें शिक्षण त्या दुपारीं सुरू झालें. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, यंत्र मध्यें कोठेंही अडलें नव्हतें. त्यानें चुकीचें उत्तर अगदीं बिनदिक्कत दिलें होतें. अशीच एखादी चूक बँकेच्या हिशेबांत शिरली, तर त्या ६८ संख्यांच्या जागीं ६८ खातेदार असतील.

काय शिकावें?

पुढें या धंद्यांतील दोघां-तिघां जाणत्यांना विचारून आम्हीं तिच्या अभ्यासाचा आराखडा केला. त्यांतील पहिली गोष्ट ही कीं, संगणकाची भाषा एकच घ्यावी, पण ती पुरती यावी. अर्जांत सहा भाषांचीं नांवें लिहून मुलाखतींत एकीतही दहा ओळी न येणें, ही फजितीच होय. तिनें १९९१ सालीं प्रसिद्ध झालेली पायथन ही भाषा घेतली. दुसरी गोष्ट, माहिती साठविण्याचें शास्त्र. माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत ठेवण्याची जी पद्धति एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडली, तिच्यावर बँकांचा व कचेऱ्यांचा पुष्कळसा कारभार आजही चालतो. तिसरी गोष्ट, केलेल्या फेरफारांची नोंद. जमाखर्चाच्या वहींत खाडाखोड न करतां दुरुस्तीची नवी नोंद करावी, त्याच न्यायानें प्रोग्रामांतील प्रत्येक बदल तारखेसह जपून ठेवणारें 'गिट' नांवाचें साधन लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं केलें. पुष्कळ जण एकाच प्रोग्रामावर काम करतात, तेथें त्यावांचून चालत नाहीं.

चौथी गोष्ट इंग्रजीची. आमच्याकडील मुलें हिलाच फार भितात. त्यांना मी एक आठवण देतों. निजामाच्या राज्यांत १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें, तेव्हां तेथें शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. घरीं मराठी बोलणाऱ्या मराठवाड्यांतील मुलांनीं तेथें गणित आणि विज्ञान उर्दूंतून शिकून पदव्या मिळविल्या. या धंद्यांत प्रथम लागतें तें वाचनाचें इंग्रजी : यंत्र चूक दाखवितें तें वाक्य न घाबरतां शेवटपर्यंत वाचणें, आणि साधनासोबतची माहितीपुस्तिका समजून घेणें. रोज दोन पानें वाचलीं, तर तें सहा महिन्यांत साधतें. मुलाखतींतील बोलणें त्याच्या मागून येतें.

पांचवी गोष्ट, एक तरी काम कोणा खऱ्या माणसासाठीं तडीस न्यावें. तिनें आमच्या गल्लींतील किराणा दुकानदाराच्या उधारीची वही संगणकावर चढविली. आठवड्याच्या आंत दुकानदार तक्रार घेऊन आला. एकाच नांवाच्या दोन गिऱ्हाइकांची उधारी एकत्र झाली होती. प्रत्येक खात्याला निराळा क्रमांक असावा, हें पुस्तकांत तिनें वाचलेलें होतें. तें कशासाठीं, हें त्या दिवशीं कळलें.

या अभ्यासासाठीं ठेव मोडण्याचें कारण पडलें नाहीं. आय. आय. टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनीं २००३ सालीं आरंभिलेल्या एन. पी. टी. ई. एल. या उपक्रमाचे धडे घरबसल्या विनामूल्य पाहतां येतात. आणि नोकरीची हमी देणाऱ्याला माझा एकच प्रश्न असतो : नोकरी देणारा दुसरा असतांना हमी तुम्ही कशाच्या जोरावर देतां?

काळ मात्र सोपा नाहीं, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी लोकांसाठीं खुलें झाल्यापासून साधे प्रोग्राम यंत्रच लिहूं लागलें आहे. २०२५ सालीं टी. सी. एस. सारख्या बलाढ्य कंपनीनें सुमारें १२,००० माणसें कमी करण्याचें जाहीर केलें. तेव्हां नुसता प्रोग्राम लिहितां येतो, एवढ्या भांडवलावर कोणी विसंबूं नये. परंतु यंत्रानें लिहिलेल्या प्रोग्रामांतही तें हरवलेलें शून्य असूं शकतें, आणि तें ओळखणारें माणूस लागतेंच.

घरानें काय करावें?

एकत्र कुटुंबांत अभ्यास करणाऱ्या मुलाला अडचण होते ती पैशापेक्षां निवांतपणाची. मुलगी असेल तर विशेषच. पाहुणे आले कीं तिला हांक, दूध उतूं गेलें कीं तिला हांक. शिवाय, पडद्याकडे पाहत स्वस्थ बसलेलें मूल आपणां वडीलधाऱ्यांना रिकामें दिसतें. आमच्या घरीं असें ठरलें कीं, सकाळीं आठ ते बारा माडीवरच्या खोलींत कोणी जावयाचें नाहीं, आणि एक वर्षपर्यंत "नोकरी लागली का?" हा प्रश्न कोणी विचारावयाचा नाहीं. विचारावयाचें झाल्यास, "आज कोठें अडलीस?" असें विचारावें. माझ्या भावाला हा नियम पाळणें फार जड गेलें. पण त्यानें तो पाळला.

हें लिहितांना आठ महिने झाले आहेत. दोन ठिकाणांहून तिला नकार आला. पहिल्या नकारानंतर ती दोन दिवस कोणाशीं धड बोलली नाहीं. दुसऱ्यानंतर मात्र कोणता प्रश्न चुकला, तें वहींत लिहून त्याच रात्रीं सोडवीत बसली. तिसऱ्या ठिकाणीं पुढल्या सोमवारीं पुण्यास बोलावणें आहे. तेथें काय होईल, तें सांगवत नाहीं. मातोश्रींनीं परवां आपला जुना प्रश्न पुन्हां विचारला, तेव्हां मीं कांहीं बोलण्यापूर्वीं तीच म्हणाली, "आजी, पुष्कळसें अजून येत नाहीं. पण काय येत नाहीं, तें आतां मला सांगतां येतें."

मातोश्रींना तें पसंत पडलें. सोमवारच्या प्रवासासाठीं दशम्या करावयाच्या असें त्यांनीं सुनांना आतांच सांगून ठेवलें आहे.