नळी वाळवण्याचं काम

नळी धुण्यापेक्षा ती वाळवणं अवघड, हे रसायनीच्या जुलैत कळतं. बाबांना झोपेत श्वास अडण्याचा, म्हणजे स्लीप ॲप्नियाचा त्रास आहे. रात्रभर सीपॅप मशीन लागतं. त्याच्या हवेच्या दाबाने मिटू पाहणारा घसा उघडा राहतो. मशीनपासून मास्कपर्यंत जाणारी सहा-एक फुटांची, वळ्यावळ्यांची नळी मी दर रविवारी धुते.

१९८१ साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी हा उपचार मांडला, तेव्हा सगळा प्रश्न दाबाचा होता. पण रात्रभर जोराची हवा शिरली की नाक सुकतं, चोंदतं, आणि वैतागलेला माणूस मास्क काढून ठेवतो. म्हणून मशीनला पाण्याची तापणारी टाकी आली. तिने नवी अडचण आणली. ३० अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम वाफ धरते, २० अंशांची जेमतेम १७. एसीच्या खोलीत नळी गार पडली की जास्तीच्या वाफेचं आत पाणी होतं. आधी गुळगुळ आवाज, मग थेट नाकात थेंब. बाबा दचकून उठून बसायचे.

यावर उपाय म्हणजे तापणारी नळी. तिच्या भिंतीतून बारीक तार फिरवलेली असते आणि तापमान मोजायला सेन्सर असतो. बाबांची सगळी नोकरी पाताळगंगेकाठच्या केमिकल प्लांटमध्ये गेली. नळी हातात घेताच म्हणाले, "अगं, ही तर ट्रेसिंग केलेली लाइन!" फिनॉल सुमारे ४१ अंशांखाली घट्ट होतं, म्हणून त्याच्या पाइपांना बाहेरून ऊब देत राहतात, हे तेच. त्या दिवसापासून नळीचं तापमान तेच ठरवतात आणि खोलीतला गारवा पाहून अंशाअंशाने बदलतात. मशीनची धास्ती गेली ती इथे, असं मला वाटतं.

धुण्याआधी प्लग काढायचा. नळी मशीनवरून सोडवताना वळ्यांना धरून ओढायची नाही, टोकाच्या कडक भागाला धरायचं. ताण आतल्या तारेवर येता कामा नये. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे थोडे थेंब पुरतात. फेस गेला तरी आणखी एकदा खळबळून घेते, कारण आत राहिलेला साबण रात्रभर श्वासातून जाणार. पाणी भरलेलं असतानाच बाहेरून हात फिरवून बघते. बारीक चीर असेल तर तिथे ओल लागते. विजेची जोडणी असलेलं टोक कोरड्या फडक्याने टिपायचं.

खरं काम यापुढे. प्रत्येक वळीत थेंब अडकून बसतो. नळी ताणून झटकते, मग पडद्याच्या दांडीवर मधोमध टाकून दोन्ही टोकं खाली सोडते आणि पंखा लावते. उन्हात नाही, उन्हाने प्लास्टिक कडक होतं. मे महिन्यात दुपारपर्यंत खडखडीत होणारी नळी जुलैत संध्याकाळीही उजेडासमोर धरली की आत चमकते. अशी नळी मशीनला लावायची नाही. त्या रात्रीसाठी साधी, न तापणारी नळी घरात ठेवली आहे.

जंतुनाशक टाकून धू, असा सल्ला पुष्कळ जण देतात. ब्लीच, स्पिरिट यातलं काहीही नको; नळी खराब होते आणि वास आत राहतो. ओझोनने स्वच्छ करणारी यंत्रंही मिळतात. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांच्याबद्दल इशारा दिला. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आतला फोम झिजतो म्हणून लाखो मशीनं परत मागवली, तेव्हा ओझोनने ही झीज वाढू शकते असंही सांगितलं. आमचा साबण-पाण्यावरच विश्वास आहे.

टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालतो. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार तळाला बसतो. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून द्यायचं.

पावसात रात्री वीज गेली की मशीन इन्व्हर्टरवर घेतो आणि आधी नळीची, मग टाकीची उष्णता बंद करतो. बरीचशी वीज तापवण्यातच जाते. नुसती हवा ढकलायला थोडी पुरते. एरवी बाबांना हे चाललं नसतं, पण जुलैतली इथली हवा मुळातच ओली, त्यामुळे नाकाला तेवढं सोसतं.